धरणारा हात

फंगयुआनच्या या खोलीची खिडकी उघडत नाही.
खालून ट्रक गेला तरी आलेखात उमटतो,
म्हणून मी ठोके रात्री नऊनंतर देते,
पलीकडचं घासकामाचं खातं गप्प झाल्यावर.

रॅकेट छताला टांगायची, मासे धरायच्या दोरीच्या दोन फासांत.
तिला वाटलं पाहिजे, आपल्याला कुणीच धरलेलं नाही.
शेंगदाण्याएवढा सेन्सर मेणाने चिकटवायचा
आणि रबरी टोकाच्या हातोडीने एक टिचकी.
एकच.
हातोडी दुसऱ्यांदा टेकली तर मोजमाप बाद.

पडद्यावर सुळका उभा राहतो:
सेकंदाला एकशे एकेचाळीस वेळा
कार्बनची ही चौकट वाकते, सरळ होते, वाकते.
डोळ्याला काहीच दिसत नाही.

जाळीत एक जागा आहे, मध्यापासून जराशी खाली, नाण्याएवढी.
बाकी कुठेही मारा, सगळं अंग थरथरतं, ती जागा ढिम्म.
तिथेच मारा, तर सुळका उगवतच नाही.
विक्रीखात्यातली पोरं तिच्यावर नारिंगी ठिपका छापतात.
मी रोज ती शोधते
आणि रोज ती केसभर सरकलेली असते.

आज बाबा आले, डब्यात भात आणि खारवलेला मुळा घेऊन.
एकतीस वर्षं ते याच कारखान्यात होते.
नखाने टिचकी मारायची, चौकट कानाशी न्यायची:
ही पास. ही आतून फुटकी.
घासायच्या यंत्रांनी पुढे ते कान नेले.
आता कोपराला पट्टा असतो, पहाटे सहाला उद्यानातलं कोर्ट असतं,
आणि जोडीला कोण, ते रोज ठरवावं लागतं,
कारण ल्याओ चुन-फा छिंगमिंगच्या आधीच गेला.

त्यांच्या रॅकेटच्या तारांत लाल रबराचं बटण.
याने काही होत नाही बाबा, मी ओरडून सांगितलं,
हे नुसता तारांचा आवाज गिळतं, कोपराला उपयोग शून्य.
काढायला गेले तर मनगट धरलं माझं.
चुन-फाचं आहे, म्हणाले.

मग त्यांच्या हातात रॅकेट दिली आणि ठोका दिला.
सुळका जवळपास तिथेच. हाताने सूर बदलत नाही.
दोरीवर जो कंप अर्धा सेकंद रेंगाळतो
तो त्यांच्या मुठीत तीन-चार हेलकाव्यांत संपला.
तक्त्यात मी लिहिलं: शमन उत्तम.

लिहिलं, आणि पेन थांबलं.
संपला म्हणजे गेला कुठे?
तक्त्याला पुढचा रकाना नाही.
मी त्यांच्या कोपराकडे पाहत राहिले, पट्ट्याखाली, सुजलेल्या.

चेंडू तारांवर असतो तो सेकंदाच्या दोनशे भागांतला एक भाग.
मुठीला काही उमगून ती आवळेपर्यंत
तो जाळ्यापलीकडे निघालेला असतो.
हे त्यांना कसं सांगावं कळेना. मोठ्याने तर नाहीच.
एवढंच म्हटलं, सैल धरा.

सैल धरलं तर पडेल, म्हणाले.

मी फाईल जतन करत होते तेव्हा
त्यांनी रॅकेट पुन्हा दोऱ्यांत अडकवली, माझ्याहून नीट,
नखाने टिचकी मारली,
आणि कान नाही लावला.
वाकून चौकटीची कड दातांत धरली, अलगद,
लहान मूल पेन्सिल धरतं तशी.

सेन्सर अजून चालू होता.
पडद्यावर रेघ झुलली, बारीक झाली, विझली.
ते तसेच वाकलेले,
डोळे मिटून, बोट वर करून,
मला थांब म्हणत.